सहीखालची तारीख

गेल्या महिन्यात याच पानावर माझ्या कपाटातल्या पोर्ट्रेट फोटोंच्या पुस्तकांबद्दल लिहिलं होतं. पहिल्या आवृत्त्या जमवायच्या, त्यातही फोटोग्राफरची सही असलेल्या, हा माझा तीस वर्षांचा नाद. त्यावर सत्तावीस पत्रं आली. त्यातल्या नऊ जणांचा प्रश्न एकच, 'माझ्याकडच्या प्रतीचे किती येतील?' त्यांना एकगठ्ठा उत्तर खाली दिलंय, पण ते त्यांना आवडणार नाही हे आधीच सांगते.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याविषयी. मी वेंगुर्ल्याची. बाजारात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. चौदाव्या वर्षापासून तिथे निगेटिव्हवर पेन्सिल चालवली, म्हणजे लोकांच्या देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं मिटवली. २००४ साली शटर खाली ओढलं. आता घरात त्रेचाळीस पुस्तकं आहेत, त्यातली एकोणीस सहीची. मी व्यापारी नाही आणि तज्ज्ञ तर नाहीच. डोळा मात्र भिंगाला सरावलेला आहे.

ताई, माझ्याकडे गौतम राजाध्यक्षांचं 'फेसेस' आहे आणि आत सहीसुद्धा आहे. ही पहिली आवृत्ती आहे का आणि सही खरी का, हे घरबसल्या कसं कळेल? – एक शिक्षक, देवगड

सर, सही दोन मिनिटं विसरा. पुस्तक उताणं ठेवा आणि शीर्षकपानाची मागची बाजू काढा, जिथे बारीक अक्षरात हक्क, प्रकाशक, मुद्रक असतं ते पान. बहुतेकांची फसगत तिथेच होते. कॉपीराइटच्या गोल 'सी'पुढचं साल म्हणजे हक्काचं साल. तुमच्या हातातली प्रत त्याच साली छापली असं ते सांगत नाही. पुस्तक दहा वेळा छापलं तरी ते साल तेच राहू शकतं.

आपल्या मराठी पुस्तकांचं बरं असतं. 'पहिली आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' असं सरळ लिहून मोकळे होतात. इंग्रजीत पुष्कळदा आकड्यांची एक ओळ असते, १० पासून १ पर्यंत. त्यातला सगळ्यात लहान आकडा ही त्या प्रतीची छपाई. १ शिल्लक असेल तर पहिली, ३च्या खाली काही नसेल तर तिसरी. पण यालाही अपवाद आहेत. अमेरिकेतल्या रँडम हाऊसच्या पुस्तकांत बरीच वर्षं पहिल्या छपाईलासुद्धा ओळ २ वरच संपायची, सोबत 'फर्स्ट एडिशन' हे शब्द असायचे. म्हणून एका खुणेवर कधी निकाल देऊ नये. जर्मनीतला प्रकाशक श्टाइडल आपल्या पुस्तकांत पहिल्या आवृत्तीचं साल सहसा छापतो, तिथे काम सोपं.

आणखी एक ढोबळ चाळणी सांगते. पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक १९७०च्या सुमाराला लागू लागले, वेष्टणांवर बारकोड त्याच्याही नंतर आले. तेव्हा कुणी '१९५९चं मूळ पुस्तक' म्हणून समोर ठेवलं आणि पाठीवर बारकोड दिसला, तर चहा प्या आणि घरी या.

वेष्टण जपा. आपल्याकडे पुस्तक आणलं की पहिलं वेष्टण फेकून ब्राऊन पेपर चढवायची सवय. शाळेतली सवय ती, सुटत नाही. या छंदात वेष्टण नसेल तर किंमत धाडकन उतरते. आतल्या घडीचा कोपरा कातरलेला दिसला तर कुणीतरी भेट देताना छापील किंमत कापली असं समजा. तेवढ्याने पुस्तक खोटं ठरत नाही, पण लिहून ठेवावं.

आता सही. खिडकीपाशी जा आणि पान तिरपं धरा. बॉलपेनाची सही असेल तर कागदात चर पडलेली दिसते, मागच्या बाजूला बोट फिरवलं तर लागते. मग भिंग घ्या. मी वडिलांचं रिटचिंगचं भिंग वापरते, दहा पट मोठं दाखवणारं. छापलेली सही भिंगाखाली बहुधा ठिपक्यांची रांगोळी होऊन जाते, खऱ्या शाईची रेघ सलग असते. जिथे हात थांबला तिथे शाई साचते, जिथे वेगात गेला तिथे ती फिकी पडते. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या रेषेसारखी रेष काढायचं काम केलंय, त्यामुळे सांगते. नक्कल करणारा वळणावर हळू जातो आणि रेघ थरथरते. स्वतःची सही करणारा माणूस आपल्या सहीकडे बघतसुद्धा नाही. यंत्राने केलेली सही मात्र सगळीकडे एकाच दाबाची आणि टोकांना बोथट असते.

शाईचंही वय असतं. बॉलपेन अमेरिकेतल्या दुकानात मिळू लागलं १९४५च्या शेवटी, न्यूयॉर्कला. शार्पी हे मार्कर पेन १९६४चं. तेव्हा १९३८ची तारीख घालून केलेली बॉलपेनची सही म्हणजे विनोद. जुन्या कागदावर जांभळा टॉर्च मारूनही बघता येतं. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत १९५०च्या आगेमागे रुळली. ती असली की पान निळसर पेटतं, म्हणजे कागद त्याआधीचा नसावा. नोटा तपासायचा टॉर्च चालतो.

आणि सगळ्यात स्वस्त तपासणी, जी कुणी करत नाही. सहीखालची तारीख वाचा आणि माणूस तेव्हा होता का ते बघा. 'फेसेस' आलं १९९७ साली. राजाध्यक्ष गेले १३ सप्टेंबर २०११ला. तुमच्या सहीची तारीख या दोहोंच्या मध्ये पडते ना? पडत असेल तर पुढच्या तपासण्यांना अर्थ आहे.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मी डायान आर्बस या अमेरिकन फोटोग्राफर बाईचं ते प्रसिद्ध पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावर जुळ्या मुली, आत १९७२ साल, शीर्षकपानावर निळ्या शाईत झोकदार सही. तेव्हाच्या माझ्या दीड महिन्याच्या कमाईइतके पैसे मोजले. घरी आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं. लेक तेव्हा कॉलेजात होती. तिने आतली माहिती वाचली आणि विचारलं, "आई, ही बाई १९७१ साली गेली. मग १९७२च्या पुस्तकावर सही कुणी केली?"

मी उत्तर दिलं नाही. आत जाऊन कुकर लावला.

आर्बसचं ते पुस्तक ती गेल्यानंतर निघालं. म्हणजे तिची सही असलेली त्याची खरी प्रत जगात असूच शकत नाही. वर माझी प्रत पहिल्या छपाईचीही नव्हती, पण ते पुढच्या उत्तरात.

नव्या आवृत्तीची छपाई बहुधा जुनीपेक्षा सरस असते. मग पहिलीचाच हट्ट कशाला? हा निव्वळ मिरवायचा प्रकार नाही का? – सावंतवाडी

थोडासा आहे. नाकारत नाही. आणि छपाईबद्दल तुम्ही पुष्कळदा बरोबर असता. काही पुस्तकं नंतरच्या स्कॅनिंगवर इतकी उजळली आहेत की पहिली आवृत्ती शेजारी ठेवली तर धुरकट वाटते. फोटो बघायला मी नवीच प्रत काढते.

पण फोटोंचं पुस्तक कादंबरीसारखं नसतं. कादंबरीचा मजकूर तोच राहतो. इथे कोणता फोटो कोणत्या फोटोसमोर, किती मोठा, काळा किती काळा, हे सगळंच लेखन असतं, आणि पुढच्या आवृत्तीत ते बदलू शकतं. आर्बसच्याच पुस्तकात पहिल्या छपाईला सेंट्रल पार्कातल्या, एकसारखे रेनकोट घातलेल्या दोन मुलींचा फोटो होता. पुढच्या छपाईतून तो गेला. माझ्या प्रतीत त्या मुली नाहीत. म्हणून म्हटलं, दुहेरी फसले.

दुसरं उदाहरण जरा जड आहे. ऑगस्ट झांडर या जर्मन फोटोग्राफरने १९२९ साली साठ पोर्ट्रेटचं पुस्तक काढलं. शेतकरी, कारागीर, वकील, बेकार माणूस, सगळे एकाच नजरेने, एकाच शांतपणे टिपलेले. नाझींना हवा तसा 'जर्मन चेहरा' त्यात नव्हता. १९३६ साली त्यांनी छपाईचे ठसे नष्ट केले. त्या पुस्तकाची बचावलेली जुनी प्रत म्हणजे न मोडलेला साक्षीदार. ती मला या जन्मी परवडायची नाही, पण कुणी 'पहिलीच का' विचारलं की मला तीच आठवते.

तुमचा चिमटा पोचला मात्र. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडॉनचं 'इन दि अमेरिकन वेस्ट' १९८५चं. खाणकामगार, भटके, ट्रक चालवणारे, सगळे कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर उभे. आमच्या स्टुडिओत मागे राजवाड्याच्या पायऱ्या रंगवलेला पडदा असायचा आणि पुढे कोळीणबाई उभी राहायची. तो पडदा काढून टाकला असता तर काय झालं असतं, हे मला त्या पुस्तकाने दाखवलं. माझ्याकडे त्याची २००५ची आवृत्ती आहे. ॲव्हेडॉन २००४ साली गेला, त्यामुळे तिच्यावर त्याची सही कधीच येणार नाही. तरी कपाटातलं सगळ्यात हाताळलेलं पुस्तक तेच.

२०२१च्या जुलैतल्या पुरात आमचं घर बुडालं. एक सहीचं फोटोंचं पुस्तक वाचलं, पण पानं वीट झाल्यासारखी चिकटली आहेत. वाफ देऊन सुटतील का? – चिपळूण

नाही सुटणार. वाफ देऊ नका, सुरी तर मुळीच घालू नका.

गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा, केओलिनचा लेप असतो. तो भिजला की गोंद होतो आणि वाळला की दोन पानं एक होतात. साधा कागद भिजून वाळला तर वेडावाकडा होतो, पण उघडतो. तुमच्या पुस्तकाची अस्तरपानं, म्हणजे पुठ्ठ्याला लागून असलेली कोरी पानं, साध्या कागदाची असतील आणि सही तिथे असेल, तर ती अजून शाबूत असेल. हळूच बघा. असेल तर पुस्तक आहे तसं कोरड्या डब्यात ठेवा. पुराची तारीख पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.

पुढच्या वेळेसाठी (आणि चिपळूणकरांना 'पुढची वेळ' म्हणताना माझी जीभ अडखळते) लक्षात ठेवा की वेळ तासांत मोजायची असते. पान ओलं असेपर्यंतच जीव असतो. २०१९च्या आषाढात आमचं एक कौल सरकलं आणि रात्रभर कपाटावर धार लागली. सकाळी तीन पुस्तकं निथळत होती. घरातल्या फ्रिजरमध्ये जागा नाही. मी ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधली आणि ओळखीच्या मासळीवाल्याच्या डीप फ्रीजरकडे रिक्षाने गेले. तो म्हणाला, "ह्यां काय, पुस्तकां? बांगड्यांच्या वांगडा ठेवू?" म्हटलं, ठेव बाबा.

गोठलं की चिकटणं थांबतं आणि उसंत मिळते. आठ दिवसांनी एकेक पुस्तक बाहेर काढलं. पुरतं वितळायच्या आत, पान अजून ओलं असताना सोडवायचं आणि प्रत्येक दोन पानांत केकवाले वापरतात तो बटर पेपर घालायचा. मग पंखा, ऊन नाही. दर दोन तासांनी कागद बदलायचे. एका पुस्तकाला मला दीड दिवस लागला. अकरा पानं गेली, बाकीची उघडतात. बांगड्याचा वास आला का? नाही आला. पिशवी दुहेरी होती. फार मोलाची प्रत असेल तर गोठलेल्याच अवस्थेत कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी, त्यांच्याकडे निर्वातात वाळवायची सोय असू शकते.

डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का? कसर फार झालीय. – मालवण

डांबरगोळ्या नकोत. वास तुमच्या फुप्फुसात जातो, पुस्तकाला राहतो आणि कसर शेजारच्या खणात जाऊन बसते. वेखंड, कडुलिंब ठेवा हवं तर, आजीच्या समाधानाला. खरा शत्रू दमटपणा आहे. हवेत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशी धरते, आणि माझा काटा जुलैत ८८ दाखवतो. म्हणून मिरगाच्या आधी मी निवडक पुस्तकं घट्ट झाकणाच्या डब्यात घालते, सोबत सिलिका जेल. नारिंगी घ्या, निळं नको. जेल रंग बदलतं तेव्हा ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवलं की पुन्हा कामाला येतं. कसर लागलेलं पुस्तक पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. मोठी जड पुस्तकं आडवी ठेवा. उभी ठेवली की आतला गठ्ठा स्वतःच्या वजनाने बांधणीतून सुटतो. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. सेलोटेप आणि चिकटणारी प्लॅस्टिक कव्हरं घरात आणूच नका.

मी कॉलेजात आहे, फोटोग्राफी शिकतोय. पाच हजार जमवलेत. ॲव्हेडॉन, अर्व्हिंग पेन अशा बड्या फोटोग्राफरची सही परवडणार नाही हे माहीत आहे. सुरुवात कुठून करू? – रत्नागिरी

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. 'किती येतील' न विचारणारा तू एकटाच तरुण.

बाळा, मेलेल्यांच्या मागे लागू नकोस. हयात आणि आपल्या देशातल्या माणसांची पुस्तकं घे, छापील किमतीला, निघाल्या निघाल्या. पहिली आवृत्ती मिळवायचा याहून सोपा मार्ग नाही. सही म्हणशील तर प्रदर्शन किंवा प्रकाशन असेल तिथे मांडवी एक्सप्रेस पकडून जायचं आणि रांगेत उभं राहायचं. तिकीट पुस्तकाहून स्वस्त पडतं.

कोणाची घ्यायची ते तुझ्या डोळ्यावर. माझ्या डोळ्यावर म्हणशील तर केतकी शेठ यांचं 'फोटो स्टुडिओ', २०१८चं. देशभरातल्या जुन्या स्टुडिओंत जाऊन, तिथलेच पडदे नि खुर्च्या वापरून काढलेली पोर्ट्रेट. त्यातल्या एका रंग उडालेल्या पडद्यावर मी दहा मिनिटं अडकले होते. त्यांचंच १९९९चं 'ट्विनस्पॉटिंग' हे पटेल जुळ्यांवरचं, पण ते आता शोधावं लागतं. गौरी गिल यांचं 'बालिका मेळा', २०१२चं. राजस्थानातल्या जत्रेत तंबूत स्टुडिओ थाटला आणि मुलींना सांगितलं, हवं तसं उभं राहा. सूनी तारापोरवाला यांचं 'पारसीज', २०००चं, मुंबई माहीत असलेल्या कुणालाही आवडेल. दयानिता सिंग यांची पुस्तकं तर पुस्तक म्हणजे काय याचाच खेळ आहेत. सगळी एकदम घेऊ नकोस. एक घे, सहा महिने बघ.

आणि एक लपलेली गंमत सांगते, हा माझा खास वेडेपणा. पोर्ट्रेटच्या पुस्तकात माणसं दोन असतात. सही सगळे फोटोग्राफरची मागतात. ज्याचा फोटो आहे त्याची कुणी मागत नाही. माझ्याकडे एका लहानशा पुस्तकात एका भजनी बुवांनी स्वतःच्या फोटोखाली केलेली सही आहे, मोडीच्या वळणाची, आणि खाली 'हा मीच' असं लिहिलंय. फोटोग्राफर फारसा कुणाला माहीत नाही. बाजारात त्याचं मोल शून्य. पण आग लागली तर मी ते आधी उचलीन.

दयानिता सिंग यांचं पहिलं पुस्तक 'झाकिर हुसेन', १९८६चं. अहमदाबादला डिझाइन शिकताना केलेलं काम. तबल्यासोबत हिंडून, मैफलीत, घरात काढलेले फोटो. उस्ताद १५ डिसेंबर २०२४ला गेले. फोटोग्राफर आणि उस्ताद, दोघांच्या सह्या असलेली त्या पुस्तकाची प्रत कुठेतरी असेलच. सापडली तर मला कळव. पाटल्या अजून लॉकरमध्ये आहेत.

तोवर तुझ्या गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे जाऊन बस. फुकट आहे.

सही घेताना आपलं नाव घालून घ्यावं की नुसती सही? विक्रेते म्हणतात नाव घातलं की किंमत पडते. – अलिबाग

विक्रेते खरं सांगतात. नुसती सही कुणालाही विकता येते. 'चि. अमुकतमुक हिस सप्रेम' लिहिलेलं पुस्तक तुमचंच राहतं. म्हणूनच मी नाव घालून घेते. गाव आणि तारीखही. उद्या कुणी तपासलं तर त्या दिवशी तो माणूस तिथे होता का, हे शोधता येतं. नुसत्या सहीला असा मागमूस नसतो. मात्र ज्याला पुस्तक अर्पण केलंय किंवा जो आत फोटोत आहे, त्याच्या नावाने सही असेल, तर गणित उलटं होतं आणि किंमत चढते.

स्वतःचं पेन न्या, न पसरणाऱ्या पिगमेंट शाईचं. जेल पेन नको. गुळगुळीत पानावर सही घेऊ नका, पुसली जाते. अर्धशीर्षकाचं (सुरुवातीला नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं) किंवा अस्तराचं खरखरीत पान उघडून पुढे करा. सही झाल्यावर फट्कन पुस्तक मिटू नका. मी मिटलं होतं एकदा. समोरच्या पानावर आरशातली सही उमटली आहे.

प्रसिद्ध माणसांच्या सगळ्याच सह्या दुर्मीळ असतात असंही नाही. चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेऊन तो फोटो काढणारा यूसुफ कार्श. त्याची सही असलेली पुस्तकं बाजारात बरीच सापडतात. घाई करू नका, चांगली प्रत मिळेपर्यंत थांबा.

जिथे थांबायला नको होतं, तिथे मी थांबले. प्रबुद्ध दासगुप्ता यांचं 'एज ऑफ फेथ', गोव्यातल्या कॅथलिक घरांचं आणि माणसांचं पुस्तक, २००९चं. काळंपांढरं. जुनी घरं, म्हाताऱ्या बाया, क्रूसाखाली टेकलेले हात. मी ते पणजीला घेतलं. गोवा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यांचं तिथे राहणं, येणं-जाणं. म्हटलं, कधीतरी गाठ पडेल तेव्हा सही घेऊ. पुस्तक पिशवीत घालून दोनदा गेलेसुद्धा, पण भीड पडली. अनोळखी घराची बेल कशी वाजवायची? ऑगस्ट २०१२मध्ये ते गेले. तुमच्याच अलिबागला. त्या पुस्तकाचं अर्धशीर्षकाचं पान कोरं आहे. तिथे बोटाचा एक डाग आहे तेवढा, माझाच.

'किती येतील?' – नऊ जण

समोरचा जितके देईल तितके. विक्रीला लावलेली किंमत म्हणजे मागणी, विकली गेलेली किंमत म्हणजे भाव. लिलावांचे निकाल बघा, जाहिराती नकोत. वेष्टण, पहिली छपाई, सहीचा पुरावा, पानांवरचे तांबूस डाग, या क्रमाने किंमत ठरते आणि कोकणातल्या प्रती शेवटच्या मुद्द्यावर मार खातात. फोटो पाठवून मला अंदाज विचारू नका. देणार नाही.

माझ्याकडच्या एका पुस्तकावरची सही खोटी निघाली. मी ते पुढे विकू का? आणि तुमच्या त्या आर्बसचं तुम्ही काय केलंत? – गुहागर

पुस्तक म्हणून विका, सहीचं म्हणून नको. सही खोडू नका, तिच्यावर पट्टी चिकटवू नका. शेजारी मऊ पेन्सिलीने, '२बी' चालेल, खरं काय ते लिहा. शाईने नको, पेन्सिल पुढच्याला काढता येते.

माझं आर्बस कपाटात आहे, झांडरवरच्या एका स्वस्त पुस्तकाला टेकून. लेक आता पुण्याला असते, आली की न चुकता ते काढते. शीर्षकपानावर त्या झोकदार निळ्या सहीखाली माझ्या रिटचिंगच्या पेन्सिलीने, बारीक अक्षरात, लिहिलेलं आहे : 'सही खोटी. बाई १९७१ साली वारल्या. दीड महिन्याचे पैसे गेले. वेंगुर्ले.' त्याखाली लेकीने तेव्हाच आपली सही ठोकली आहे, तारखेसकट.